कुत्री व्याली, आता काय? पिल्लांचे पहिले आठ आठवडे

भाद्रपदात गावभर कुत्र्यांची भांडणं सुरू झाली की पुढचा हिशोब सोपा असतो. दिवस भरायला दोन महिने. म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीच्या तोंडावर, वस्तीवस्तीवर पिल्लं. आमच्या तासगाव पट्ट्यात नेमकी तीच वेळ द्राक्षबागेच्या धावपळीची आणि ऊसतोडीची. माणसांना मान वर करायला फुरसत नसते आणि तेवढ्यात गोठ्यामागून कुंई-कुंई ऐकू येतं.

मी मळ्यात राहतो, दारात कुत्री कायम असतात, म्हणून आजूबाजूचे लोक फोन करतात. प्रश्न बहुतेक एकच: "पिल्लू दूध पीत नाही, काय पाजू?" उत्तरही बहुतेक एकच असतं. काही पाजू नका, आधी ते गार पडलंय का बघा. आधी ऊब, मग दूध, मग औषध. हा क्रम उलटा केला की आजार रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत होते. खाली जे लिहिलंय ते पहिल्यांदाच हे निस्तरणाऱ्यांसाठी. अनुभवी माणसांनी थेट चौथ्या मुद्द्यावर जावं.

१. व्यायच्या आधी: जागा आणि सामान

गाभण काळ साधारण ६३ दिवसांचा. मिलनाची तारीख धरून मोजलं तर ५८ ते ६८ दिवसांत कधीही. तारीख माहीत नसेल तर आचळं भरणं आणि कुत्रीनं कोपरे उकरणं ही खूण. ५५ दिवसांनंतर एक्स-रे काढला तर पिल्लं किती आहेत ते कळतं. खर्च वाटतो खरा, पण "सगळी झाली की एक आत राहिलंय" हा रात्री दोनचा प्रश्न त्यानं सुटतो.

जागा आडोशाची, कोरडी, माणसांच्या येण्याजाण्यापासून बाजूला. लाकडी पेटी केली तर उत्तम: कुत्री पाय ताणून आडवी होऊ शकेल एवढी लांबी, आणि कडा अशा की आई सहज ओलांडेल पण पिल्लू बाहेर पडणार नाही. आतून, तळापासून चारेक इंच वर आणि भिंतीपासून तेवढंच अंतर सोडून, चारी बाजूंनी पीव्हीसी पाईप बसवा. आई भिंतीला टेकून बसली तर मागे अडकलेलं पिल्लू त्या फटीत वाचतं. पहिल्या आठवड्यात आईखाली चिरडून पिल्लं जातात ती अशीच, आणि दोनशे रुपयांच्या पाईपनं ते टळतं.

अंथरायला खाली वर्तमानपत्र, वर जुनी सुती साडी किंवा चादर, घट्ट खोचलेली. गोणपाट नको, त्याचे दोरे पिल्लांच्या पायांत आणि मानेत गुंततात. उसाचं पाचट तर अजिबात नको, त्याची पात कापते. बेदाण्याचा रिकामा खोका बरेच जण वापरतात. खोका चांगला आहे, पण तळाला चिकटलेले बेदाणे आधी झटकून काढा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. आपल्याकडे शेडवर जाताना कुत्रं मागं येतं, म्हणून हे वेगळं सांगतोय.

बागायतदारांसाठी आणखी एक. फवारणीची औषधं जिथं ठेवता किंवा ब्लोअर जिथं धुता, त्या बाजूला पेटी नको. आईच्या अंगावर, पायांवर औषध बसलं तर ती ते चाटते आणि पिल्लं तिला चोखतात.

सामान आधीच जमवून एका पाटीत ठेवा:

– स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. ही सगळ्यात महत्त्वाची वस्तू, थर्मामीटरपेक्षाही.
– डिजिटल थर्मामीटर (कुत्र्याचा ताप गुदद्वारातून बघतात, त्यामुळे पुढं घरच्या माणसांना वापरू नये हे उघड आहे)
– जुने स्वच्छ टॉवेल, भरपूर
– जाड सुती दोरा, उकळून घेतलेली कात्री, पोव्हिडोन आयोडीन
– ऊब देणारा बल्ब आणि दोन-तीन प्लास्टिकच्या बाटल्या
– पिल्लांसाठीच्या दुधाची पावडर, छोटी बाटली, ५ मिलीची सिरिंज
– वेगवेगळ्या रंगांची लोकर, वही, पेन
– डॉक्टरांचे नंबर, आणि रात्री गाडी कोणाची मिळेल त्याचं नाव

बल्बबद्दल सांगायलाच हवं. घरात आता सगळीकडे एलईडी आहे आणि एलईडीची ऊब पिल्लापर्यंत पोचत नाही. लोक पेटीवर नऊ वॉटचा एलईडी लटकवतात, उजेड लख्ख पडतो, पिल्लं गारठतात. पोल्ट्रीचं सामान मिळतं त्या दुकानात ब्रूडरचा बल्ब मागा. कोंबडीच्या पिल्लांना लावतात तोच.

डॉक्टरांचंही आधी ठरवा. तालुक्याला जनावरांचे डॉक्टर असतात, पण त्यांचा दिवस गाई-म्हशींत जातो. कुत्रीचं सिझेरियन करणारा दवाखाना बहुधा सांगली-मिरजेलाच गाठावा लागतो. तिथं रात्री कोण फोन उचलतं हे आठवडाभर आधी विचारून ठेवा. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे, तोही वहीत असू द्या.

२. कळा सुरू झाल्या

शेवटच्या आठवड्यात रोज दोनदा ताप बघा. कुत्रीचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ते ३७ च्या आसपास घसरलं की साधारण बारा ते चोवीस तासांत ती व्यायला येते. मग धापा, थरथर, खाणं बंद, अंथरूण उकरणं. हे सहा ते बारा तास चालू शकतं. या वेळी आजूबाजूला गर्दी करू नका. पोरांना लांब ठेवा. दिवाळीचे दिवस असतील तर त्या बाजूला फटाके बंद. घाबरलेली कुत्री कळा थांबवते, किंवा पिल्लं तोंडात धरून जागा बदलत फिरते.

पिल्लू डोक्याकडून आलं काय, मागच्या पायांकडून आलं काय, कुत्रीत दोन्ही नेहमीचं आहे. पायाळू म्हणून ओढायला जाऊ नका. दोन पिल्लांत अर्धा-एक तासाचं अंतर पडतं, मध्ये आई झोपतेही.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर मात्र थांबायचं नाही, गाडी काढायची:

– जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू नाही
– आत पिल्लं आहेत आणि दोन तास झाले तरी पुढचं नाही
– पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट-काळा स्राव
– तापमान घसरून चोवीस तास झाले, तरी कळाच नाहीत
– ६८ दिवस उलटून गेले

या टप्प्यावरचा सगळ्यात वाईट उपाय म्हणजे म्हशीला पान्हवायला वापरतात ते ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन कुत्रीला टोचणं. कोणीतरी जाणकार गोठ्यातून बाटली घेऊन येतोच. पिल्लू आडवं अडकलेलं असेल तर त्या कळांनी गर्भाशय फाटू शकतं. डॉक्टर तपासून देतात तेव्हाची गोष्ट वेगळी. आपण द्यायचं नाही, कोणाला देऊ द्यायचं नाही.

३. पिल्लू बाहेर आल्यावर

बहुतेक कुत्र्या सगळं स्वतः करतात: पडदा फाडतात, नाळ तोडतात, चाटून पिल्लाला रडवतात. आपण बघत बसायचं. पहिलटकरीण गोंधळली आणि एका मिनिटात तिनं पडदा काढला नाही तर आपण काढायचा. तोंडापासून सुरुवात, नाक-तोंड पुसायचं, मग टॉवेलात धरून पाठ चांगली चोळायची, डोकं थोडं खाली ठेवून. ते चिरकलं की झालं. पाय धरून झोके देण्याची जुनी पद्धत सोडा, त्यानं नाजूक मेंदूला इजा होते.

नाळ आईनं तोडली नसेल तर पोटापासून इंचभर अंतरावर दोऱ्यानं बांधा, पुढं कापा, टोक पोव्हिडोन आयोडीनमध्ये बुडवा. इथं घरातलं कोणीतरी हळदीचा डबा घेऊन येणार. सांगलीची हळद जगात भारी, पण डब्यात स्वयंपाकाचे हात गेलेले असतात. ती भाजीत राहू द्या. नाळेतून जंतू आत गेले तर पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं.

प्रत्येक पिल्लामागं एक वार, म्हणजे नाळेला जोडलेला मांसल गोळा, पडली पाहिजे. मोजा. आईनं एक-दोन खाल्ल्या तर हरकत नाही, सगळ्या खाल्ल्या तर तिला हगवण लागते.

मग वजन, मग लोकर. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर सैल बांधायची, करंगळी आत जाईल एवढी. आठवड्याला बदलायची, कारण मान जाड होते. तिघं तांबूस, दोघं काळे, एक पांढरपट्ट्याचं असं लिहिलेली वही तिसऱ्या दिवशी काही कामाची राहत नाही. रात्री टॉर्चच्या उजेडात सगळे तांबूस सारखेच.

पुढचं पिल्लू येईपर्यंत आधीची आचळाला लावून ठेवा. आई फार हलत असेल तर कोमट बाटलीशेजारी बुट्टीत ठेवा, आणि मधल्या वेळात परत लावा.

४. ऊब

नवं पिल्लू डोळे-कान बंद घेऊन येतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्याला थरथरता येत नाही हे माहीत नसतं. थंडी वाजली की आपलं अंग कापतं आणि त्यातून उष्णता तयार होते. पहिला आठवडाभर पिल्लाला ती सोय नाही. अंगावर चरबी जवळजवळ नाही. त्याची ऊब म्हणजे आई, भावंडं आणि तुमचा बल्ब.

पहिल्या आठवड्यात निरोगी पिल्लाचं तापमानही आपल्याला कमी वाटेल एवढंच असतं, ३५ ते ३७ अंश. चौथ्या आठवड्यापर्यंत ते मोठ्या कुत्र्याइतकं होतं. पण ३४ च्या खाली गेलं की आतडी हलायची थांबतात. अशा पिल्लाच्या पोटात घातलेलं दूध तिथंच सडतं, पोट फुगतं, किंवा उलटून फुफ्फुसात जातं. "दूध पाजलं आणि तासाभरात गेलं" अशी हकिगत ऐकता ना, ती बहुतेक वेळा हीच.

पिल्लू गार आहे का हे थर्मामीटर नसतानाही कळतं. करंगळी धुऊन त्याच्या तोंडात घाला. तोंड उबदार लागलं आणि ते बोट ओढायला लागलं तर ठीक. तोंडाच्या आत गार, चोखायला जोर नाही, हातात घेतल्यावर ओल्या मोज्यासारखं लोंबतंय, तर दुधाची बाटली बाजूला ठेवा.

गार पिल्लाला हळूहळू गरम करायचं. सगळ्यात सोपी आणि खात्रीची जागा म्हणजे आपली छाती. शर्टाच्या आत कातडीला लावून वरून चादर घ्यायची आणि बसायचं. तास लागेल, दोन लागतील. मध्ये बाजू बदला, अंग हलकं चोळा. गरम पाण्यात बुडवू नका, चुलीपुढं धरू नका, हेअर ड्रायर मारू नका. एकदम उष्णता दिली तर बाहेरची कातडी तापते, रक्त तिकडं धावतं आणि आतलं पिल्लू आणखी खचतं. तोंड उबदार झालं, हालचाल आली, चोखायला लागलं की मग आचळाला लावा.

पेटीतलं तापमान पहिल्या आठवड्यात २९ ते ३२ अंश हवं, दुसऱ्यात २६ ते २९, पुढं महिनाभरात हळूहळू २३-२४ पर्यंत उतरवायचं. बल्ब पेटीच्या एका कोपऱ्यावर, अडीच-तीन फूट उंचीवर, साखळीनं पक्का बांधलेला. मधोमध नको. पिल्लांना तापलं तर सरकायला दुसरा गार कोपरा पाहिजे, आणि आईलाही. ती धापा टाकत उठून गेली तर तुमची ऊब तिला जास्त होतेय. मग ती परत येत नाही, आणि मूळ घोळ तिथून सुरू होतो.

आकडे लक्षात राहत नसतील तर पिल्लांकडे बघा. एकमेकांवर ढीग करून किरकिरतायत: थंडी आहे. चारी दिशांना पांगून, पोट जमिनीला चिकटवून, तोंड उघडं: उकडतंय. शेजारी-शेजारी सैल पडून झोपलीत, मधूनच पाय झटकतायत: सगळं छान आहे. झोपेतलं ते झटकणं पाहून लोक फिट आली म्हणून घाबरतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते नेहमीचं असतं. उलट जे पिल्लू झोपेत अजिबात झटकत नाही त्याच्याकडे लक्ष ठेवा.

आता लाईटचं. वस्तीवर रात्री लाईट जाणार हे धरूनच चला. इन्व्हर्टरवर मोठा बल्ब फार वेळ चालत नाही. म्हणून प्लास्टिकच्या बाटल्या. हाताला सोसवेल एवढं गरम पाणी भरायचं, टॉवेलाचे दोन वेढे द्यायचे, पिल्लांच्या ढिगाला लावून ठेवायची. दोनेक तासांत ती गार होते, आणि गार झालेली बाटली पिल्लाची ऊब ओढून घेते. गजर लावा, बदला किंवा काढा. झोप लागणार असेल तर बाटली न ठेवलेली बरी, आईला घोंगड्याचा आडोसा करून द्या.

उन्हाळ्यात व्याली तर हे सगळं उलटं. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी चाळीसच्या वर पारा जातो, तिथं बल्ब म्हणजे भट्टी. जाड भिंतीची खोली शोधा, पत्र्यावर ओली पोती टाका, पाणी आईच्या तोंडाशी ठेवा.

जतकडे कारवानी कुत्री पाळणारे आहेत, त्यांच्यासाठी एक ओळ: या जातीची कातडी पातळ, केस आखूड, अंगावर चरबी नाही. पिल्लांना आणि आईलाही थंडी जास्त बाधते, आडोसा दुप्पट करा.

५. रोज काटा

रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर, वाटी ठेवून शून्य करून. वहीत रंगाचं नाव आणि ग्रॅम. पाच मिनिटांचं काम.

गावठी कुत्रीचं पिल्लू साधारण पाव किलोच्या आगेमागे जन्मतं, जातीप्रमाणे आणि पिल्लांच्या संख्येप्रमाणे कमी-जास्त. पहिल्या दिवशी किंचित घट चालते. त्यानंतर रोज जन्मवजनाच्या पाच ते दहा टक्के वाढ दिसली पाहिजे. ३०० ग्रॅमचं असेल तर रोज १५ ते ३० ग्रॅम. आठ-दहा दिवसांत वजन दुप्पट.

पिल्लू बिघडतंय हे डोळ्यांना दिसतं तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. काटा एक दिवस आधी सांगतो. एका दिवसात वजन वाढलं नाही: ते पिल्लू दिवसातून चार-पाच वेळा सगळ्यात भरलेल्या मागच्या आचळांना लावा, दांडगट भावंडांना तेवढ्या वेळ बाजूला काढा. दुसऱ्या दिवशीही वाढ नाही, किंवा घटलं: डॉक्टर. सारखं रडणारं, ढिगापासून वेगळं पडलेलं, आईनं नाकानं बाजूला ढकललेलं पिल्लू असेल तर वजनाची वाटही बघू नका.

६. आईकडे बघा

पहिल्या दिवसाचं दूध म्हणजे चीक. त्यातून आईची रोगप्रतिकारक शक्ती पिल्लाला मिळते. ती आत घ्यायची आतड्यांची क्षमता पहिल्या बारा तासांत चांगली असते आणि चोवीस तासांनी जवळजवळ संपते. म्हणून प्रत्येक पिल्लानं पहिल्या काही तासांत चोखलं का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

व्यालेली कुत्री तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाते. नुसती ताक-भाकरी टाकून सहा पिल्लांचं दूध निघत नाही. अंडी, चिकन, यकृत, किंवा पिल्लांचं सुकं खाद्य भिजवून, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी कायम.

आचळं रोज हातानं चाचपा. एखादं कडक, गरम, लाल, दुखरं लागलं तर तो स्तनदाह, डॉक्टरांकडे. खालून लालसर-तपकिरी स्राव काही आठवडे येतो, पण घाण वास मारला किंवा आईला ताप आला तर तेही डॉक्टरांकडेच.

लहान चणीची कुत्री आणि पिल्लं जास्त, असं असेल तर दोन ते चार आठवड्यांच्या दरम्यान कॅल्शियम एकदम उतरू शकतं. बेचैनी, धापा, ताठ चाल, मग थरथर आणि झटके. गाईला दुग्धज्वर होतो त्यातलाच प्रकार. पिल्लं बाजूला काढून तासाभरात दवाखाना गाठायचा असतो. हे टाळायला गाभणपणातच कॅल्शियमचं टॉनिक पाजणारे आहेत. त्यानं उलटा परिणाम होतो, शरीर हाडांतून कॅल्शियम काढायची सवयच विसरतं. डॉक्टरांनी सांगितलं तरच द्या.

७. आई नाही, किंवा दूध नाही

आधी खात्री करा की आई खरंच नाही. ऊसतोडीच्या दिवसांत फडात पिल्लं सापडतात, टोळीतलं किंवा मळ्यातलं कोणीतरी उचलून घरी आणतं आणि "अनाथ आहेत" म्हणून फोन येतो. आई खायला गेलेली असते. कोयत्याच्या आवाजानं लांब जाऊन बसलेली असते. पिल्लं कोरडी, पोटं भरलेली आणि उबदार असतील तर ती आईचीच आहेत. फड पेटवायचा किंवा तोडायचा असेल तर त्याच शेताच्या बांधावर, सावलीत, उबदार कापडात ठेवा आणि लांबून नजर ठेवा. काही तासांत ती येऊन एकेक उचलून नेते.

खरंच आई नसेल तर ओळखीत दुसरी व्यालेली कुत्री शोधा. तिची पिल्लं त्याच वयाची असली तर बऱ्याचदा ती सामावून घेते. तिच्या पिल्लांना नवं पिल्लू घासून मग हळूच ठेवायचं, आणि तासभर तिथंच बसायचं.

तेही नसेल तर पावडरचं दूध. गाईचं का नको? कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त आणि साखर कमी. गाईच्या दुधावर पिल्लू उपाशी राहतं आणि वर हगवण लागते. पाणी घालून तर आणखीच वाईट. म्हशीचं दाट असलं तरी त्यात प्रथिनं पुरेशी नाहीत आणि साखर जास्तच. पावडर सांगलीत पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते. एखादी रात्र काढायचीच वेळ आली तर डॉक्टरांना फोन करून घरच्या दुधात अंड्याचा बलक किती घालायचा ते विचारा.

एका वेळी १०० ग्रॅम वजनामागं साधारण ४ मिली. ३०० ग्रॅमच्या पिल्लाला १२ मिली ही वरची मर्यादा, सुरुवातीला त्याहून कमी. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत चार तासांवर आणता येतं. दूध मनगटावर कोमट लागेल असं.

पिल्लू पालथं, पोटावर, डोकं किंचित वर. आईखाली ते असंच पितं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध श्वासनलिकेत जातं. बाटली उलटी केल्यावर थेंब-थेंब पडला पाहिजे, धार नको. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करा, नाक पुसा, आणि त्या पिल्लावर दोन दिवस लक्ष ठेवा.

पाजल्यावर काम संपत नाही. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू होत नाही, आई चाटून करवते. आपण कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं खालून हलकं चोळायचं, प्रत्येक वेळी. हे न केल्यानं पोट टम्म फुगून पिल्लं जातात, आणि लोक दुधाला दोष देतात.

८. कधी काय होतं

पहिले दोन आठवडे खाणं आणि झोपणं, दुसरं काही नाही. डोळे १० ते १४ दिवसांत उघडतात. ओढून उघडायचे नाहीत. मात्र बंद पापणीखाली फुगवटा किंवा पू दिसला तर डॉक्टर. कान त्यानंतर काही दिवसांत. तिसऱ्या आठवड्यात धडपडत चालणं, दुधाचे दात, आणि पेटीबाहेर पडायची पहिली खटपट.

इथून खायला सुरुवात. चौथ्या आठवड्यापासून पिल्लांचं सुकं खाद्य कोमट पाण्यात लापशीसारखं भिजवून सपाट ताटलीत. घरचंच द्यायचं तर मऊ भात, शिजवून चुरलेलं बिनमसाल्याचं चिकन, उकडलेलं अंडं. कांदा-लसूण नाही. आपल्याकडचं ठरलेलं खाणं म्हणजे दूध-चपाती. पोट दिसायला भरतं, हाडं भरत नाहीत. आणि पोट गोल दिसणारं पण बरगड्या मोजता येणारं पिल्लू धष्टपुष्ट नसतं, त्याला जंत असतात.

तीन ते बारा आठवडे हा पिल्लानं जग ओळखायचा काळ. याच दिवसांत माणसांचे हात, पोरांचा आवाज, मिक्सर, ट्रॅक्टर, गाई हे सगळं लांबून, न घाबरवता दाखवा. पेटीत एकटंच वाढलेलं पिल्लू पुढं भित्रं आणि चावरं निघतं.

९. जंत, गोचीड, लस

गोल जंत आईच्या पोटातूनच आणि दुधातून पिल्लात येतात, म्हणून "आमचं तर घरातच आहे" हे म्हणणं उपयोगाचं नाही. जंताचं औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात, वजनावर मोजून, डॉक्टरांनी सांगितलेलंच. आईलाही सोबत. हेच जंत लहान मुलांनाही बाधतात, त्यामुळे पिल्लांशी खेळून झालं की साबणानं हात.

गोचीड-पिसवांसाठी जनावरांच्या अंगावर मारायचं औषध पातळ करून पिल्लांना लावण्याची पद्धत आहे. करू नका. तोंडाला फेस, झटके, आणि मग काही करता येत नाही. बारीक फणी, चिमटा, कोमट पाणी आणि रोज बदललेलं अंथरूण. क्रोसिनसारखी आपली औषधंही नाहीत. फरशीला फिनाईल नको, साबण-पाणी आणि ऊन पुरेसं.

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची तीन महिन्यांचं झाल्यावर. पार्व्हो हा यातला सगळ्यात खुनशी आजार, रक्ताची हगवण आणि उलट्या. त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. गेल्या वर्षी जिथं पार्व्होनं पिल्लं गेली त्याच कोपऱ्यात यंदाची ठेवू नका, आणि लशी पूर्ण होईपर्यंत बाहेरच्या चपला पेटीपाशी नकोत.

अनोळखी, रस्त्यावरच्या आईचं पिल्लू चावलं किंवा ओरखडलं, अगदी एवढंसं, तरी जखम पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. रेबीजची लक्षणं दिसू लागली की त्यावर इलाज उरत नाही. "एवढुसं पिल्लू, त्याला कसला रेबीज" हे वाक्य घरात कोणी म्हटलं तर तिथंच थांबवा.

१०. पिल्लं देताना

आठ आठवड्यांच्या आत नाही. पैदास आणि विक्रीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसारही आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि धंदा म्हणून पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. फुकट देणाऱ्यांनीही हेच वय पाळावं. चावायचं किती आणि थांबायचं कुठं हे पिल्लू शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत भावंडांकडूनच शिकतं.

आधी नर उचलले जातात आणि मागं माद्या राहतात. म्हणून सुरुवातीलाच माद्यांसाठी घरं बघा, आणि घेणाऱ्याला सहाव्या महिन्यानंतरच्या नसबंदीबद्दल तेव्हाच बोला. आईचंही दूध आटलं की डॉक्टरांना तारीख विचारून ठेवा.

प्रत्येक पिल्लासोबत द्यायचं ते एवढं: लसीकरणाचं कार्ड, जंताचं औषध कधी-कोणतं दिलं त्याची चिठ्ठी, पुढच्या डोसची तारीख, आता काय आणि किती वेळा खातं ते, आणि चार दिवस पुरेल एवढं तेच खाणं, कारण घर आणि जेवण एकदम बदललं की हमखास पोट बिघडतं. रेबीजच्या लशीची तारीख कार्डावर पेननं गोल करा आणि त्या दिवशी स्वतःहून फोन करा. दहातले पाच जण विसरलेलेच असतात.